लिचेसवरची स्टडी : ड्रॅगन खेळणारीच्या अनुभवातून

तीन उन्हाळ्यांपूर्वी इंदूरच्या एका शाळेच्या हॉलमध्ये बुद्धिबळाची रेटिंग स्पर्धा होती, म्हणजे जिच्या निकालावरून खेळाडूच्या ताकदीचा आकडा वरखाली होतो. चौथ्या फेरीत माझ्यासमोर तेरा-चौदा वर्षांचा मुलगा बसला. त्याची आई दाराशी पाण्याची बाटली धरून उभी होती. माझ्याकडे काळी मोहरी होती आणि मी सिसिलियन ड्रॅगन ही काळ्याची धारदार ओपनिंग, म्हणजे डावाची ठरलेली सुरुवात, खेळले. काळ्यानं मी दुसरं काही खेळतच नाही, तीस वर्षं झाली. पहिल्या आठ-नऊ चाली दोघांनीही मिनिटभरात खेळून टाकल्या. त्याचं एफ३ (पटावरची घरं अशा अक्षर-आकड्यांनी ओळखतात), वजीर डी२, वजिराच्या बाजूला कॅसलिंग (राजा आणि हत्ती एकाच चालीत हलवणं), माझं नवव्या चालीला डी५. इथवर सगळं ओळखीचं. मग त्यानं काही न घेता, काही न मारता राजा सी१वरून बी१वर सरकवला.

ही चाल मला माहीत होती. चारच महिन्यांपूर्वी मी ड्रॅगनवरचा एक ऑनलाईन कोर्स विकत घेतला होता आणि त्यात ती होती. उत्तरही पाठ होतं : घोड्यानं डी४वरचा घोडा मारायचा. मारला. त्यानं लगेच प्यादं ई५ला ढकललं. आता माझे दोन्ही घोडे एकदम मरणाच्या दारात. एफ६वरचा प्याद्याच्या तोंडी, डी४वरचा उंटाच्या तोंडी. एकच वाचणार होता. कुठला आणि कुठे, हे मात्र काही केल्या आठवेना. अठरा मिनिटं विचार करून मी डी४वरचा घोडा परत सी६ला आणला, म्हणजे जिथून निघाला तिथेच. त्यानं एफ६वर मारलं, मी उंटानं परत घेतलं आणि त्याचा घोडा डी५वर येऊन बसला. त्याच्या मागे त्याच उभ्या पट्टीत त्याचा वजीर आणि हत्ती, वरच्या टोकाला माझा वजीर. पुढच्या बारा-तेरा चालींत डाव संपला. मुलानं हात मिळवला आणि म्हणाला, "आंटी, नाइट एफ५ खेळायचा असतो."

घरी आल्यावर आधी कोर्स उघडला. घोडा एफ५ त्यात होताच. चाल हिरव्या बाणानं दाखवलेली होती आणि खाली माझा हिशेबही होता : ही चाल मला नऊ वेळा विचारली गेली होती आणि नऊच्या नऊ वेळा मी ती बरोबर दिली होती.

मला त्या रात्री झोप लागली नाही ती हरल्यामुळे नाही. हरणं जन्मभर चालूच आहे. नऊ वेळा बरोबर दिलेली चाल दहाव्या वेळी, खऱ्या पटावर, का आली नाही, हा प्रश्न छळत राहिला. उत्तर सापडलं ते असं : घोडा एफ५ला का जातो, हे मला कुणी विचारलंच नव्हतं. मीही स्वतःला विचारलं नव्हतं. घोडा एफ५वर गेला की ई३वरच्या उंटाकडे बघतो. त्यामुळे पांढऱ्यानं एफ६ मारलं आणि आपण ई-प्याद्यानं परत घेतलं की त्याला डी५वर ताव मारायला उसंतच नसते, आधी उंटाचं बघावं लागतं. एवढीच गोष्ट. एका ओळीत मावते. ती ओळ माहीत असती तर चाल पाठ नसतानाही पटावर सापडली असती.

त्या कोर्सचं नाव मी इथे लिहीत नाही. बनवणाऱ्यानं मेहनत घेतलेली दिसते आणि तो ज्यांच्यासाठी आहे त्यांना उपयोगी पडतही असेल. त्यानंतर मी जे वापरायला लागले आणि तीन वर्षं रोज वापरते आहे, त्याबद्दल सांगायचं आहे : लिचेस या बुद्धिबळाच्या साईटवरची 'स्टडी', म्हणजे अभ्यासाची वही, आणि तिच्याच शेजारी असलेलं ओपनिंग एक्सप्लोरर, म्हणजे खेळल्या गेलेल्या डावांचा साठा.

आधी ड्रॅगनबद्दल थोडं, कारण ज्याला ही ओपनिंग ठाऊक नाही त्याला माझी गरज समजणार नाही. ड्रॅगनमध्ये काळा जी६ खेळून उंट जी७वर बसवतो, तिथून तो एच८-ए१ या लांब तिरप्या रेषेवर सगळा पट कापत जातो. पांढरा दुसऱ्या बाजूला कॅसलिंग करतो, एच-प्यादं पळवतो, एच-पट्टी उघडतो आणि उंटाला उंट भिडवून मारायला बघतो. आपण सी-पट्टीवरून त्याच्या राजावर जातो आणि वेळ आली की सी३वर हत्ती झोकून देतो. दोघांपैकी जो एक चाल आधी पोहोचला तो जिंकला. म्हणून इथे थिअरी, म्हणजे आधीच तपासलेल्या चालींची माहिती, मागे पडली की माणूस हळूहळू हरत नाही, वीस-पंचवीस चालींत संपतो. कॅरो-कान ही शांत ओपनिंग खेळणाऱ्या माझ्या एका मैत्रिणीला एक नवी चाल कळली नाही तर अर्ध्या चालीचा वेळ जातो. माझा राजा जातो.

हे मी पहिल्यांदा पाहिलं ते बाबांच्या वहीत. बाबा बँकेत होते. रामबागेतल्या घराच्या ओट्यावर संध्याकाळी पट मांडला जाई आणि रात्री मी आणि बाबा वही घेऊन बसत असू. बाबांचे एक स्नेही मुंबईहून येताना बुद्धिबळाचा 'इन्फॉर्मेटर' आणत. १९६६पासून बेलग्रेडहून निघणारा तो ग्रंथ. त्यात शब्द नसत, नुसत्या खुणा : अधिक-उणे, बाण, चौकोन, जेणेकरून जगातल्या कुठल्याही भाषेच्या माणसाला वाचता यावं. ड्रॅगनची पानं बी७० ते बी७९ या आकड्यांखाली. बाबा खजुरी बाजारात जाऊन तेवढ्याच पानांची झेरॉक्स काढून आणत आणि वहीत चिकटवून शेजारी मराठीत लिहीत, "इथे घाई करू नये", "हत्ती देताना पुढचे चार बघ", "हे कोर्चनॉयला महागात पडले".

शेवटची नोंद १९७४च्या मॉस्कोतल्या कँडिडेट्स फायनलची, म्हणजे जगज्जेत्याला आव्हान कोण देणार ते ठरवणाऱ्या कार्पोव-कोर्चनॉय सामन्याची. दुसऱ्या डावात कार्पोवनं ड्रॅगन असा फोडला की पुढे कितीतरी वर्षं लोक त्या लाईनकडे फिरकले नाहीत. एच-प्यादं दिलं, मग सोळाव्या चालीला डी४वरचा घोडा मागे, ई२ला. हल्ल्याच्या ऐन भरात मागे. तो घोडा दुसऱ्या घोड्याला आधार देतो, म्हणजे सी३वर हत्ती झोकण्याचा काळ्याचा बेत बाद. सत्तावीस चालींत कोर्चनॉयनं डाव सोडला. बाबांनी त्या चालीभोवती दोनदा वर्तुळ काढलं होतं. नुसती चाल छापून आली असती तर मी ती केव्हाच विसरले असते. त्या वर्तुळाशेजारी लिहिलेलं "आधी आपलं घर शाबूत, मग चढाई" हे मी विसरले नाही.

आणि मग १९९५. न्यूयॉर्कला वर्ल्ड ट्रेड सेंटरमध्ये कास्पारोव आणि आनंदचा जागतिक विजेतेपदाचा सामना. आम्ही सगळे आनंदसाठी जीव टाकत होतो. अकराव्या आणि तेराव्या डावात कास्पारोवनं काळ्यानं ड्रॅगन खेळून दोन्ही जिंकले आणि शेवटी सामना साडेदहा-साडेसातनं घेतला. घरात सुतकी शांतता होती. पण मी विशीतली मुलगी, रात्री तेच दोन डाव पटावर पुन्हा पुन्हा खेळून बघत होते. ड्रॅगन माझा झाला तो त्या आठवड्यात. बाबा म्हणाले, "घेतलास ना, मग आता सांभाळ. हा पाळायला महाग आहे."

महाग म्हणजे काय ते पुढच्या वर्षांत कळलं. नोकरी, मग स्वतःची कर सल्लागाराची प्रॅक्टिस, जुलै आला की रिटर्न भरणाऱ्यांची रांग. घरी इन्फॉर्मेटर येणं बंद झालं, वही कपाटात गेली. मी जुन्या शिदोरीवर खेळत राहिले आणि पोरं माझ्यापुढे निघून गेली. आता तर दहा-बारा वर्षांची मुलंसुद्धा घरच्या लॅपटॉपवर इंजिन, म्हणजे चाली तपासणारा प्रोग्राम, चालवून येतात. त्यांच्याशी खेळायचं तर माझ्याकडेही आजची वही हवी. लिचेसची स्टडी माझ्यासाठी तीच आहे.

लिचेस २०१०मध्ये थिबो दुप्लेसी या फ्रेंच प्रोग्रामरनं सुरू केली. पूर्ण फुकट, एकही जाहिरात नाही, देणग्यांवर चालते आणि तिचा सगळा कोड कुणालाही बघायला खुला आहे. फुकट म्हणजे अर्धवट असेल असं मला आधी वाटलं होतं. कुठेही 'यापुढचं बघायला पैसे भरा' असा दरवाजा लागला नाही. वर्षभरानंतर मी आपणहून देणगी सुरू केली. भाषांच्या यादीत मराठीही आहे, स्वयंसेवकांनी केलेली. मी मात्र पडदा इंग्रजीतच ठेवते, कारण भाचीला बटणं सांगताना तिच्या आणि माझ्या पडद्यावर एकच शब्द असलेला बरा.

स्टडी म्हणजे एक फाईल, तिच्यात प्रकरणं. एका स्टडीत जास्तीत जास्त ६४. प्रत्येक प्रकरणात पट, चाली, चालींच्या फांद्या, बाण, वर्तुळं आणि प्रत्येक चालीखाली आपल्याला हवं ते लिहायला जागा. देवनागरी बिनातक्रार चालते. फाईल फक्त स्वतःपुरती ठेवता येते, दुवा असलेल्यांनाच दिसेल अशी ठेवता येते, किंवा सगळ्यांना खुली. दुसऱ्या कुणाला आत घेऊन दोघांनी मिळून लिहिता येतं. पाहिजे तेव्हा सगळं उतरवून आपल्या लॅपटॉपवर ठेवता येतं. मी दर महिनाअखेर उतरवते, हिशेबाच्या धंद्यातली सवय.

माझी मांडणी आधी चुकली, ते सांगायला हवं, कारण बहुतेक जण तशीच चूक करतील. मी प्रकरणांना चालींची नावं दिली होती : 'नऊ उंट सी४', 'नऊ लांब कॅसलिंग', 'सॉल्टिस' (ड्रॅगनचीच एक शाखा). दोन महिन्यांत अठ्ठेचाळीस प्रकरणं झाली आणि मला त्यातलं काही सापडेना. कोर्समध्ये जे झालं तेच घरच्या घरी मी पुन्हा केलं होतं. मग एका रविवारी सगळं पुसलं आणि प्रकरणांना प्रश्नांची नावं दिली. 'तो नवव्या चालीला उंट सी४ खेळला तर माझा घोडा ई५ला कधी?' 'एच४ला मी एच५ केव्हा उत्तर देते?' 'राजा बी१ला सरकवला, आता काय बदललं?' 'सी३वर हत्ती द्यायचा की थांबायचं?' आज एकवीस प्रकरणं आहेत आणि प्रत्येकाचं उत्तर मला झोपेतून उठवून विचारलं तरी दोन वाक्यांत देता येतं.

एक नियम स्वतःला घातला आहे : कारण लिहिल्याशिवाय चाल घालायची नाही. आणि कारण स्वतःच्या शब्दांत, मराठीत. 'स्टॉकफिश (लिचेसवरचं इंजिन) म्हणतो' हे कारण धरत नाही.

त्या राजा बी१च्या प्रकरणातलं पानच सांगते. ई५वर माझी नोंद : "दोन्ही घोडे लटकले. जो घोडा जाताना काही तरी धरून जातो, तो वाचवायचा." घोडा एफ५वर : "ई३वरच्या उंटाला धरलं." मग पांढरा एफ६वर मारतो, मी ई-प्याद्यानं घेते. इथे लाल वर्तुळ : "उंटानं घ्यायचा मोह होतो. हात आवर." पुढे पांढरा उंट सी५ला नेऊन माझ्या एफ८वरच्या हत्तीवर येतो आणि मी हत्ती न वाचवता प्यादं डी४ला ढकलते, त्याच्या सी३वरच्या घोड्यावर. तो हत्ती मारतो, मी वजिरानं उंट घेते. खाली लिहिलंय : "हत्ती गेला, पण त्याचा काळ्या घरांचा उंटही गेला. आता जी७च्या उंटाला सामना करायला त्याच्याकडे कुणी नाही. आज एफ६च्या प्याद्यामागे बंद आहे, पण दार आपल्याच हातात."

ही शेवटची ओळ लिहिताना मला पाऊण तास लागला. पटावर मोहरी मांडून बघितली, काढली, पुन्हा मांडली. लाकडी पटच, पडदा नव्हे. त्या पाऊण तासानंतर ती लाईन मला कधी पाठ करावी लागली नाही.

आता एक्सप्लोरर. कुठल्याही पोझिशनवर उघडलं की इथे कोण काय खेळलं आणि किती जण जिंकले ते दाखवतं. तीन टॅब आहेत. 'मास्टर्स'मध्ये १९५२पासूनचे, २२००च्या वर रेटिंग असलेल्यांचे, पटावर समोरासमोर खेळलेले सुमारे वीस लाख डाव. 'लिचेस'मध्ये साईटवर खेळलेले कोट्यवधी डाव, त्यांना वेगाची आणि रेटिंगची चाळणी लावता येते. तिसरा टॅब एका खेळाडूचा, म्हणजे माझे स्वतःचेच डाव.

ओपनिंगच्या मागे राहायचं नसेल तर खरी चावी 'मास्टर्स'मधल्या वर्षांच्या चाळणीत आहे आणि ती फार जण वापरताना दिसत नाहीत. आधी मी सगळी वर्षं ठेवून बघते, मग सुरुवातीचं वर्ष २०२० करते. दोन याद्या शेजारी ठेवल्या की कुठली चाल म्हातारी झाली आणि कुठली वयात आली ते डोळ्यांसमोर येतं. नवव्या चालीच्या डी५ला पांढऱ्यानं आधी डी५वर मारायचं, हेच आम्ही वहीत शिकलो होतो. आता राजा बी१ आणि वजीर ई१ या शांत चालींना मान आहे, हे मला या चाळणीनं दाखवलं. वजीर ई१ तर पहिल्यांदा बघितली तेव्हा माऊसची चूक वाटली होती. डी२वरून वजीर बाजूला झाला की मागच्या हत्तीचा रोख डी-पट्टीवर येतो, एवढं समजल्यावर ती चाल फार सुंदर दिसायला लागली.

आकड्यांवर मात्र डोळे झाकून विसंबू नये. एखाद्या फांदीवर काळा साठ टक्के जिंकला असं दिसतं आणि आत जाऊन बघावं तर डाव पाचच, त्यातले दोन एकाच खेळाडूचे. मी आकड्यावर क्लिक करून खालचे डाव उघडतेच, आणि ते कोणत्या चालीला बिघडले ते बघते. पुष्कळदा ओपनिंगचा काही दोष नसतो, चाळिसाव्या चालीला कुणाचं तरी घड्याळ संपत आलेलं असतं.

माझ्यासारख्या साधारण रेटिंगच्या खेळाडूला 'लिचेस'चा टॅब जास्त कामाचा आहे. मार्च २०२४मध्ये फिडेनं, म्हणजे जागतिक बुद्धिबळ संघटनेनं, रेटिंगचा तळ १०००वरून १४००वर नेला, त्यानंतर स्पर्धांत समोर येणाऱ्या मुलांच्या आकड्यावरून काही अंदाज बांधणं मला कठीण जातं. या टॅबमध्ये मी १८०० ते २२००ची चाळणी लावते आणि ब्लिट्झ, म्हणजे काही मिनिटांचे झटपट डाव, काढून टाकते. जगातले मोठे खेळाडू काय खेळतात त्यापेक्षा राजेंद्रनगरातल्या हॉलमध्ये माझ्यासमोर काय येणार आहे ते तिथे कळतं. सॉल्टिसच्या चौदाव्या चालीनंतरच्या ज्या फांद्यांवर कोर्सनं माझे दोन महिने घेतले होते, तिथवर माझ्या रेटिंगचे लोक फारसे पोहोचतच नाहीत. त्याऐवजी नवव्या चालीला सरळ जी४ खेळणारे पुष्कळ. त्यावर माझ्याकडे चार ओळी होत्या, आता पूर्ण प्रकरण आहे.

अजून एक गोष्ट, आणि मला वाटतं ही सगळ्यात मोलाची. लिचेसवर पत्रबुद्धिबळाचा प्रकार आहे, एका चालीला एक दिवसापासून चौदा दिवसांपर्यंत वेळ घेता येतो. त्या डावांत इंजिन वापरायला सक्त बंदी आहे, पण ओपनिंगची पुस्तकं आणि एक्सप्लोरर वापरायला परवानगी आहे. म्हणजे खेळता खेळता अभ्यास करायची कायदेशीर सोय. मी एकावेळी तीन डाव ठेवते, तीन-तीन दिवसांच्या चालींचे, तिन्हीत काळी मोहरी. सकाळी पोह्यांवर जिरावण भुरभुरून ताटली शेजारी घ्यायची आणि पक्षकार यायच्या आधी वीस मिनिटं एकाच पोझिशनवर बसायचं. माहितीच्या चाली जिथे संपतात तिथे थांबून विचार करावा लागतो, आणि तीच जागा मग स्टडीत नवं प्रकरण होते. माझ्या एकवीस प्रकरणांतली आठ अशी या डावांतून आली आहेत.

इंजिनबद्दल थोडं. स्टॉकफिश पटाशेजारीच आहे, एका बटणानं सुरू होतं. ड्रॅगन खेळणाऱ्यानं ते बटण जपून दाबावं. युगोस्लाव्ह हल्ल्याच्या, म्हणजे वर सांगितलेल्या पांढऱ्याच्या चढाईच्या, बहुतेक फांद्यांत तो पांढऱ्याच्या बाजूला झुकलेला आकडा दाखवतो आणि माणसाचं मन खचतं. पहिल्या सहा महिन्यांत दोनदा मी ओपनिंग सोडायला निघाले होते. भाची म्हणाली, "मावशी, तो आकडा त्याच्यासारखं खेळणाऱ्यासाठी आहे. तुझ्यासमोर तो बसणार आहे का?" सोळा वर्षांची आहे. आता आधी माझं उत्तर लिहायचं, मग इंजिन लावायचं, असा क्रम ठेवला आहे. त्यानं माझं चुकीचं काढलं तर मी माझं पुसत नाही, खाली तारीख घालून दुरुस्ती लिहिते. मागचं वाचताना आपण कुठे फसतो तेही दिसत राहतं. मला वारंवार फसवणारी गोष्ट म्हणजे सी३वर हत्ती देण्याची घाई. सहा प्रकरणांत तीच दुरुस्ती आहे.

जे नाही तेही सांगते. स्टडी तुम्हाला आठवण करून देत नाही. 'ही लाईन तुम्ही वीस दिवस बघितली नाही' असं ती म्हणणार नाही, ठरावीक अंतरानं उजळणी घेण्याची सोय तिच्यात नाही. पुढच्या चाली झाकून स्वतःची परीक्षा घेता येते, प्रश्नोत्तरांसारखा धडाही करता येतो, पण केव्हा घ्यायची ते आपलं आपण. मी भिंतीवरच्या कालनिर्णयवर दर सोमवारी प्रकरणाचा आकडा लिहून ठेवते आणि त्या दिवशी तेवढंच उघडते. ज्याला शिस्तीसाठी दुसऱ्या कुणाचा धक्का लागतो, त्याला पैसे देऊन घेतलेला कोर्स सोबत ठेवावा लागेल. फोनवर फांद्या वाचायला माझ्या डोळ्यांना त्रास होतो, लिहिण्याचं काम मी लॅपटॉपवरच करते. आणि लोकांनी खुल्या ठेवलेल्या स्टडी शेकड्यांनी सापडतात, त्यांत जपून शिरावं. काही फार मनापासून केलेल्या आहेत, पुष्कळशा नुसत्या इंजिनच्या चाली ओतलेल्या. ओळखायची खूण सोपी : नोंदींत माणसाचं एक तरी वाक्य आहे का बघावं.

कुणाला घ्यावी? ज्याला उद्याच्या स्पर्धेसाठी आज रात्री तयार उत्तर हवं आहे, त्याला ही उपयोगाची नाही, कारण इथे सुरुवातीला नुसतं रिकामं पान मिळतं. मला पहिलं प्रकरण धड व्हायला तीन आठवडे लागले. पण ज्यानं एक धारदार ओपनिंग आयुष्यभरासाठी धरली आहे, मग ती ड्रॅगन असो, नायडॉर्फ असो की ग्रुनफेल्ड, आणि जी दर वर्षी थोडी पायाखालून सरकते, त्याच्यासाठी यापेक्षा चांगली जागा मला माहीत नाही. पूर्वी बाबांना मुंबईहून येणाऱ्या माणसाची वाट बघावी लागत असे. आज नॉर्वेत सकाळी खेळलेला डाव संध्याकाळी मी माझ्या प्रकरणात चिकटवते आणि बाबांसारखंच शेजारी लिहिते. बाबांची वहीही मी फोटो काढून उतरवून घेतली आहे, एक वेगळी स्टडी आहे तिची, सतरा प्रकरणं. त्यातल्या पाच लाईन आज चालत नाहीत. नोंदी सगळ्या चालतात.

निकालाचं विचारलं तर रेटिंग एकशे वीसनं वर आहे, पण त्यात तळ वर नेताना २०००च्या खालच्या सगळ्यांना मिळालेली वाढही आहे, त्यामुळे त्या आकड्याचं फार सांगत नाही. यंदाच्या उन्हाळ्यात त्याच शाळेत, सातव्या फेरीत, दुसऱ्याच एका मुलानं राजा बी१ला सरकवला. मी घोडा मारला, त्यानं ई५, मी एफ५. यावेळी दोन मिनिटं घेतली, तीही खात्री करायला. त्यानं एफ६, सी५, हत्ती मारणं, सगळं तसंच केलं आणि मग पंधराव्या चालीला घोडा बी५ला आणला. माझ्या पानावर ती चाल होती. डी४च्या प्याद्याच्या आधारानं माझा घोडा ई३वर उतरला, त्याच्या डी१वरच्या हत्तीवर. डाव बरोबरीत सुटला. मुलगा माझ्यासोबत विश्लेषणाला बसला आणि म्हणाला, "आंटी, मी तिथे घोडा ई४ खेळणार होतो. मग तुम्ही काय केलं असतं?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. प्रकरण उघडलं तर तिथे 'घोडा ई४' एवढीच फांदी, तिच्याखाली काही नाही. परवा रात्री मी पहिली ओळ लिहिली : "घोडा ई४वर आला की एफ६वर डोळा. आपला उंट अजून बंद." दुसऱ्या दिवशी बघते तर खाली भाचीनं लिहिलेलं : "मावशी, मग सी८चा उंट आधी काढ ना. कुठे ते मी पेपर संपल्यावर सांगते. इंजिन लावू नको." तिचा शेवटचा पेपर आज दुपारी आहे. तीच पोझिशन लाकडी पटावर मांडून ठेवली आहे, जेवणाच्या टेबलावर. घरातल्यांना सांगून ठेवलंय, आज ताटं ओट्यावर घ्या.